मेजावरचें गांव

दिवाळी चार दिवसांवर आली कीं पुण्या-साताऱ्याकडच्या अंगणांत मुलांची एकच धांदल उडते. विटांचे तुकडे, जुनीं पोतीं, घमेल्यांत कालविलेला चिखल, अळिवाचें बीं यांची जमवाजमव होते आणि बघतां बघतां किल्ला उभा राहतो. माथ्यावर सिंहासनावर बसलेले शिवाजीमहाराज, तटावर मावळे, दरवाजाशीं तोफ. हा सगळा थाट मुलें मोठ्या विचारानें मांडतात. बुरूज कोठें, चोरवाट कोठें, यावरून भांडणेंहि होतात. पण किल्ल्याच्या पायथ्याशीं जें गांव असतें त्याचा विचार मात्र कोणीच करीत नाहीं. बाजारांतून आणलेलीं तांबड्या छपरांचीं दोन घरें आणि एक विहीर ठेवली कीं गांव झालें! श्रोतेहो, आज मला त्या उपेक्षित गांवाविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत.

इवल्याशा शिपायांनीं मेजावर लढाई खेळण्याचा छंद युरोपांत जुना आहे. प्रशियांतील राइस्विट्झ नांवाच्या एका उमरावानें १८१२ सालीं तेथील राजास एक मेज करून दिलें. डोंगर, नद्या, वस्त्या दाखविणारे चौकोनी तुकडे त्यावर हवे तसे मांडतां येत. त्याचा मुलगा सैन्यांत अधिकारी होता. त्यानें १८२४ सालीं या खेळाचे नियम छापले आणि सैनिकी शिक्षणांत त्याचा उपयोग होऊं लागला. घरगुती खेळगड्यांसाठीं असें पुस्तक लिहिलें तें एच्. जी. वेल्स या सुप्रसिद्ध कादंबरीकारानें, १९१३ सालीं. पुढें १९७४ मध्यें अमेरिकेंत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आणि १९८३ मध्यें इंग्लंडांत 'वॉरहॅमर' हे खेळ निघाले. त्यांत राक्षस, बुटके, जादूगार अशा कल्पित लोकांचीं युद्धें असतात. त्या लोकांना राहावयास घरें नकोत काय? म्हणून पुठ्ठा, लांकूड, कापूस, डिंक यांतून कल्पित गांवें हातानें घडविण्याची कलाहि त्याबरोबर फोफावली. आज आपल्या शहरांतील कित्येक तरुण हा छंद आवडीनें जोपासतात.

परंतु हीं कल्पित गांवें नीट पाहिलीं तर एक मौज दिसते. तेथील घरांचीं छपरें अतिशय उतरतीं असतात. भिंतींत लांकडांच्या उभ्या-आडव्या-तिरप्या पट्ट्या दिसतात. हें कल्पनेंतून आलेलें नाहीं. जर्मनीच्या व इंग्लंडच्या जुन्या खेड्यांतून तें आलें आहे. बर्फ व पाऊस छपरावर सांचूं नये म्हणून उतार. आणि जवळच्या रानांत लांकूड होतें म्हणून लांकडी सांगाडा, त्याच्या चौकटींत माती. म्हणजे कल्पनेच्या घरालाहि खऱ्या जमिनीचा पाया लागतो. मग आपल्या मुलानें कल्पिलेल्या गांवांत बर्फाची घरें कां असावीं? बर्फ तर त्यानें पाहिलेलेंहि नसतें.

मी आपणांस एक दुसरें गांव सुचवितों. तें हिंगोली जिल्ह्यांत शोधावें. हा जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्यांतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगांव आणि औंढा नागनाथ हे त्याचे पांच तालुके. कयाधू नदी या प्रदेशांतून वाहते आणि तिच्या कांठीं नामदेवरायांची नर्सी आहे. येथील गांवाची घडण समजून घेण्यास दोन शब्द पुरेत: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, पडक्या भिंतींची माती यांचे थर सांचून ही पांढरी भोंवतालच्या शेतांहून उंच झालेली असते. तिच्यावर एकमेकांस खेटून माळवदाचीं, म्हणजे मातीच्या सपाट छपरांचीं, घरें. एका अंगास देशमुखाची किंवा पाटलाची गढी. वेशीचा दरवाजा, पिंपळाचा पार, महादेवाचें देऊळ. मेजावर मांडावयास याहून सुरेख गांव कोणतें?

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. प्रथम माप ठरवावें. या खेळांतला शिपाई सुमारें २८ मिलिमीटर उंच असतो. म्हणून एक फूट बरोबर पांच मिलिमीटर असा हिशेब धरला कीं शिपाई साडेपांच फुटी ठरतो आणि सगळें काम सोपें होतें. माळवदाची भिंत अडीच फूट जाड, म्हणजे बारा-तेरा मिलिमीटर. उंची नऊ फूट, म्हणजे पंचेचाळीस. दार पांचच फुटांचें करावें. शिपायाला आंत जातांना वांकावें लागेल, हें खरें. पण त्या घरांत शिरतांना घरधनीहि वांकूनच शिरत असे.

नवशिका हमखास चुकतो तो भिंतीच्या जाडींत. एका पुठ्ठ्याची भिंत उभी केली कीं घर खोक्यासारखें दिसतें. जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचे तीन-चार थर खळीनें एकावर एक चिकटवून, वजनाखालीं रात्रभर दाबून ठेवावे. दाराचें व कोनाड्यांचें भोंक त्यांत कापलें कीं खोली आपोआप दिसूं लागते. मग चाळलेली माती डिंकाच्या पाण्यांत कालवून तिचे पातळ हात द्यावे. एक हात वाळल्यावर दुसरा. दाट लेप एकदम दिला तर तो तडकतो आणि पुठ्ठाहि वांकतो.

छपर करण्यापूर्वीं एक प्रयोग करून पाहावा. दोन बशांत दोन प्रकारच्या मातीच्या वड्या थापाव्या: एक काळ्या मातीची, दुसरी पांढरीची. शहरांत पांढरी कोठून मिळणार? त्याऐवजीं शाडूंत बारीक वाळू व राख मिसळावी. दोन्ही वड्या उन्हांत वाळूं द्याव्या. काळी माती पाण्यानें फुगते आणि वाळतांना आकसते; तिच्या वडीला भेगाच भेगा पडतील. दुसरी वडी पुष्कळ अंशीं अखंड राहील. ज्या मातींत कापूस व ज्वारी पिकते ती माती घरावर कां घालीत नाहींत, हें कोणीहि न सांगतां मुलाला समजेल.

माळवदाची रचना खालून वर अशी असते. लांकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवीं लांकडें, त्यांवर किलचा, म्हणजे लांकडाच्या लहान लहान चिपा, दाटीनें रचलेल्या, त्यांवर पाला, पाल्यावर माती, आणि सर्वांवर पांढरीचा थर. दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणतात आणि घर मोजावयाचें तें खणांवर. आपण तीस मिलिमीटरांचा खण धरूं. खांबांना बांबूच्या कामट्या, आडव्या लांकडांना खराट्याच्या काड्या, किलचांना आगपेटीच्या काड्यांचे तुकडे, पाल्याच्या जागीं सुकलेला चहाचा चोथा. पांढरीला एका कडेस किंचित् उतार द्यावा आणि तेथें पन्हळ काढावी. मधोमध उजेडासाठीं झरोका ठेवावा. हें सबंध छपर झांकणासारखें सुटें असूं द्यावें, म्हणजे खेळतांना शिपाई घरांत ठेवतां येतात.

येथें खेळाचीहि एक गंमत आहे. उतरत्या छपरांच्या गांवांत लढाई रस्त्यांवर होते. छपरावर कोणी उभा राहूं शकत नाहीं. आपल्या गांवांत मात्र माळवदें एकमेकांस भिडलेलीं असल्यामुळें गल्लीच्या वर दुसरा रस्ताच तयार होतो. शिपाई एका घरावरून दुसऱ्या घरावर धांवतो, झरोक्यांतून आंत डोकावतो. घर बदललें कीं लढाईचे डावपेंचहि बदलतात.

गढी सर्वांत शेवटीं करावी. तीस फुटांच्या हिशेबानें ती दीडशें मिलिमीटर उंच होते. बुरूज खालीं रुंद व वर निमुळता ठेवावा. सरळ उभा बुरूज मातीचा वाटत नाहीं. तळाचा भाग दगडी असतो. त्यासाठीं अंड्यांचा कागदी ट्रे फाडून त्याचे चौकोनी तुकडे चिकटवावे. त्यांचा खरबरीतपणा दगडाला शोभतो. पुष्कळजण दगड अगदीं काळा रंगवितात. आपला दगड करडा-निळसर आहे. त्यावर कोठें कोठें गंजाची छटा असते. गडद रंग वाळल्यावर फिकट रंगांत कुंचला बुडवून तो फडक्यावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसावा आणि हलक्या हातानें उंचवट्यांवरून फिरवावा. कडा उजळतात, खांचा गडद राहतात. देवळासाठीं औंढ्याच्या नागनाथाचें चित्र समोर ठेवावें. तेथील जुनें बांधकाम दगडाच्या आडव्या थरांचें आहे. आपणहि पुठ्ठ्याच्या पट्ट्या कमीअधिक रुंदीच्या कापून एकावर एक रचाव्या. जसें देऊळ बांधलें गेलें तसेंच तें पुन्हा बांधलें जातें.

आतां कोणी विचारील, एवढा खटाटोप कशासाठीं? याचें उत्तर जरा गंभीर आहे. हें माळवद दर वर्षीं पावसाळ्यापूर्वीं पांढरी घालून निगराणी मागतें. एक वर्ष हयगय झाली कीं गळतें, दोन वर्षें झाली कीं तुळई कुजते. घरांतील तरुण माणसें शहरांत गेलीं, कारागीर मिळेनासे झाले, आणि गढ्यांची माती तर लोकांनीं गाड्या भरभरून नेली. माळवदाच्या जागीं पत्रा आला, सिमेंट आलें.

या बदलाबद्दल नुसते उसासे टाकणें मात्र प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीस भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद भागांत हजारों माणसें झोंपेंतच गेलीं. त्यांतील पुष्कळांचा जीव घेतला तो दगडमातीच्या जाड भिंतींनीं आणि वरच्या मातीच्या ओझ्यानें. हिंगोलींतहि २१ मार्च व १० जुलै २०२४ रोजीं धक्के बसले. आपल्या मुलांना अशा छपराखालीं निजवावयाचें नाहीं असें एखाद्या आईनें ठरविलें, तर तिला दोष कोण देईल? तरीहि त्याच भूकंपांत, जेथें लांकडी सांगाडा भक्कम होता तेथें, भिंती कोसळूनहि खांबांवर छप्पर तगून राहिल्याचीं उदाहरणें पाहणाऱ्यांनीं नोंदविलीं आहेत. आपल्या मेजावर हेंहि पडताळतां येतें. खांब न घालतां नुसत्या सुट्या भिंतींवर छप्पर ठेवा आणि मेज हलवा. मग खांब-तुळया पक्क्या बांधून तेंच करा. जुन्या कारागिराची अक्कल कोठें होती आणि उणीव कोठें होती, हीं दोन्ही एका क्षणांत दिसतील. जें घर राहण्यास आतां धोक्याचें, तें समजून घेण्यास मेजावर कांहींच धोका नाहीं.

आणखी एक गोष्ट. ज्या वेल्सनें हा खेळ रूढ केला, त्यानेंच आपल्या पुस्तकाच्या शेवटीं बजावलें आहे कीं खरें युद्ध या खेळाच्या मानानें केवळ मूर्खपणाचें व भयंकर आहे. पुढच्याच वर्षीं पहिलें महायुद्ध पेटलें. मेजावर विकतच्या घरांना आग लावतांना मुलाला कांहींच वाटत नाहीं. पण ज्या घराच्या किलचा त्यानें एक एक करून लावल्या, ज्याच्या ओसरीवर त्यानें मण्याएवढें जातें मांडलें, तें घर जाळावयाचें म्हटलें कीं त्याचा हात थबकतो. घर उभारावयास किती वेळ लागतो हें त्या हाताला ठाऊक झालेलें असतें.

म्हणून येत्या दिवाळींत किल्ला अवश्य करा. पण पायथ्याचें गांवहि हातानें घडवा. आणि आपल्या नात्यांत किंवा शेजारांत मराठवाड्याकडचे कोणी वृद्ध गृहस्थ असतील, तर मुलांना त्यांच्याजवळ बसवा. माळवदावर पांढरी कशी पसरीत, पन्हळ कोणीकडे काढीत, धान्याचें पेंव कोठें असे, हें त्यांना विचारूं द्या. मापांत कांहीं चुकलें असेल तर ते आजोबा स्वतःच काडी हातांत घेऊन दुरुस्त करतील. मग पहिली पणती तटावर न ठेवतां त्या गांवाच्या वेशींत ठेवा.