खळगे कशाला?

फ्लुइड मेकॅनिक्सची ओरल. एक्स्टर्नल सरांनी खिशातून एक पांढरा चेंडू काढून टेबलावर ठेवला.

"कशाचा हा?"

"गोल्फचा, सर."

"शाब्बास. त्यावर हे खळगे कशाला?"

मी बेधडक म्हणालो, "ग्रिपसाठी, सर!"

"गोल्फ काय हातात धरून खेळतात का रे?" सर म्हणाले. दाराबाहेर ताटकळलेलं पब्लिक खो खो हसलं, आणि मी ओरलमध्ये उडालो. पुढचं अख्खं सेमिस्टर मेसमध्येसुद्धा माझं नाव 'ग्रिप'! तेव्हा मित्रहो, तुमच्यावर ही पाळी येऊ नये म्हणून हा लेखप्रपंच.

१८४८ च्या सुमारास गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकापासून बनवलेले गोल्फचे चेंडू आले. नवे असताना ते गुळगुळीत असत. पण खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं, की नवाकोरा चेंडू नीट उडत नाही आणि ठोके खाऊन चरे पडलेला जुना चेंडू मस्त जातो. मग लोक नव्या चेंडूवर मुद्दाम हातोडीने खुणा पाडू लागले. आज दिसतात तसल्या खळग्यांच्या पेटंटसाठी इंग्लंडमधल्या विल्यम टेलरने १९०५ साली अर्ज केला. उपाय सापडला होता, कारण सापडायचं होतं.

आता कारण. चेंडूला अगदी चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर म्हणजे बाउंडरी लेयर. घर्षणाने तो दमतो. चेंडूचा फुगीर मध्य ओलांडला की पुढे दाब वाढत जातो, म्हणजे थराला चढ लागतो. दमलेला थर चढू शकत नाही आणि पृष्ठभाग सोडून देतो. मागे भोवऱ्यांचा रुंद पट्टा तयार होतो, तिथे दाब कमी. पुढे जास्त दाब, मागे कमी, म्हणून चेंडू मागे ओढला जातो. हाच ड्रॅग.

खळगे या थरात खळबळ माजवतात. थर टर्ब्युलंट होतो, बाहेरची वेगवान हवा आत मिसळते आणि त्याला जोर मिळतो. चढावर दमलेल्या सायकलवाल्याला स्कूटरवाला दोस्त पाय लावून ढकलतो ना, तसंच! थर जास्त वेळ चिकटून राहतो, मागचा पट्टा अरुंद होतो आणि ड्रॅग जवळपास निम्म्यावर येतो. खडबडीतपणामुळे घर्षण थोडं वाढतं, पण या फायद्यापुढे ते किरकोळ.

मग सगळ्याच गोळ्यांना खळगे पाडायचे का? नाही. सेकंदाला ७० मीटर वेगाने निघालेल्या, ४२.६७ मिलिमीटर व्यासाच्या चेंडूचा रेनॉल्ड्स नंबर येतो साधारण २ लाख. गुळगुळीत गोळ्यावर थर आपोआप टर्ब्युलंट व्हायला सुमारे ३ लाख लागतात. खळग्यांमुळे हेच काम ५० हजारांच्या आसपास होतं. म्हणजे खेळाच्या वेगात खळगे बरोबर कामाला येतात. आपल्या क्रिकेटच्या चेंडूची शिवणही एका बाजूचा थर असाच ढवळते. दोन्ही बाजूंचे थर वेगवेगळ्या ठिकाणी सुटतात, म्हणून स्विंग!

दुसरी भानगड फिरकीची. एडिंबरा विद्यापीठातले प्राध्यापक पी. जी. टेट यांचा मुलगा फ्रेडी अव्वल गोल्फर होता. १८९६ आणि १८९८ साली त्याने ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा जिंकली. चेंडू इतका वेळ हवेत राहतोच कसा, याचं गणित टेटना साध्या प्रक्षेपणाच्या सूत्रांनी सुटेना. त्यांनी चेंडूला लांब फीत बांधली, तो समोर मातीच्या भिंतीत मारायला लावला आणि फितीला पडलेले पीळ मोजले. चेंडू उलटा फिरत जातो आणि त्या फिरकीनेच त्याला वर उचलणारा जोर मिळतो, हे त्यांनी १८९० च्या दशकात दाखवून दिलं. फिरकी हा फटक्यातला दोष, असं तोवर खेळाडू समजत!

फेब्रुवारी १९०० मध्ये फ्रेडी दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धात मारला गेला. जुलै १९०१ मध्ये वडीलही गेले. लायब्ररीत हे वाचलं आणि पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो. समीकरणामागे असा एखादा बाप असतो, हे आपल्याला सिलॅबसमध्ये कुणी सांगत नाही.

पुढच्या ओरलला तेच सर, तोच चेंडू. मी सगळं धडाधड सांगितलं. सर म्हणाले, "ठीक. १९७१ साली अपोलो १४ च्या अ‍ॅलन शेपर्डने चंद्रावर गोल्फचे चेंडू मारले. तिथे खळग्यांचा उपयोग किती?"

या वेळी मात्र मी आधी विचार केला.

"शून्य, सर. तिथे हवाच नाही."

सर हसले. सुटलो एकदाचा! नाव मात्र अजून 'ग्रिप'च आहे.