विश्लेषण : डोंगलचा दिवा लागतो, पण लिनक्स लॅपटॉपवर इंटरनेट का येत नाही?

विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी लागणारे हार्डवेअर नसलेले, पण एरवी धडधाकट असलेले लॅपटॉप अनेक घरांत आहेत. त्यावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकले, की लॅपटॉप पुन्हा वापरात येतो. अडते ते इंटरनेटपाशी. जिथे फायबर किंवा वायफाय पोहोचलेले नाही, तिथे कपाटातले जुने यूएसबी डोंगल बाहेर निघते. ते लावले की दिवा लुकलुकतो, पण इंटरनेट सुरू होत नाही. परीक्षेच्या अर्जाची मुदत रात्री बारा वाजता संपत असेल, तर ‘लिनक्सच निरुपयोगी’ म्हणून पुन्हा फॉरमॅट मारण्याची घाई होते. त्यात कधी कधी डेटाही जातो. प्रत्यक्षात फॉरमॅटने हा प्रश्न क्वचितच सुटतो. बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे, हे क्रमाने तपासले तर दहा-पंधरा मिनिटांत उत्तर मिळू शकते.

अडचण नेमकी कोठे असते?

डोंगलपासून ब्राउझरपर्यंत पाच टप्पे असतात. पहिला, डोंगलला पुरेशी वीज मिळणे आणि लॅपटॉपने ते ओळखणे. दुसरा, डोंगलने ‘मोडेम’चे रूप घेणे. तिसरा, लिनक्समधील मोडेममॅनेजर या प्रोग्रामने त्याचा ताबा घेणे. चौथा, सिमची नेटवर्कवर नोंदणी होणे आणि पाचवा, योग्य एपीएन वापरून डेटा सुरू होणे. आधीचा टप्पा पार झाल्याशिवाय पुढच्या टप्प्यावरील सेटिंग बदलून उपयोग नसतो. अनेकांचा वेळ एपीएन बदलून पाहण्यात जातो आणि अडचण मात्र दुसऱ्याच टप्प्यावर असते.

सुरुवात विजेपासून करावी. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज देतो. सिग्नल कमजोर असला, की डोंगल जास्त वीज खेचते. त्यामुळे स्वतंत्र अडॅप्टर नसलेल्या हबमध्ये किंवा लांब एक्स्टेन्शन केबलला लावलेले डोंगल मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होते. तपासणीच्या वेळी ते थेट लॅपटॉपच्या पोर्टलाच लावावे आणि एकदा पोर्टही बदलून पाहावा.

डोंगल स्वतःला ‘सीडी’ का म्हणवते?

३जीच्या काळात डोंगलसोबत वेगळी सीडी देण्याऐवजी विंडोजचे सॉफ्टवेअर डोंगलमध्येच भरून देण्याची पद्धत रुळली. त्यामुळे असे डोंगल लावताच ते आधी स्वतःची ओळख सीडी ड्राइव्ह म्हणून करून देते. विंडोजमध्ये त्या ‘सीडी’वरील सॉफ्टवेअर इन्स्टॉल होते आणि तेच डोंगलला मोडेम होण्याचा आदेश देते. लिनक्समध्ये ते सॉफ्टवेअर चालत नाही. आदेश मिळाला नाही, तर डोंगल सीडीच्याच रूपात राहते. दिवा लागतो, फाइल मॅनेजरमध्ये कंपनीच्या नावाची सीडीही दिसते, पण मोडेमचा पत्ता नसतो.

हा आदेश देण्याचे काम लिनक्समध्ये ‘यूएसबी-मोडस्विच’ नावाचे छोटे साधन करते. कोणत्या डोंगलला कोणता आदेश द्यायचा, याची यादी त्याच्यासोबत येते. डोंगल लावताच हे साधन आपोआप चालते. उबुंटूसारख्या वितरणांत ते बहुधा आधीपासून असते. हलक्या किंवा निवडक पॅकेज टाकून उभारलेल्या वितरणांत ते नसण्याची शक्यता असते.

डोंगल मोडेम झाले की नाही, हे कसे ओळखायचे?

टर्मिनल उघडून एल, एस, यू, एस, बी ही पाच इंग्रजी अक्षरे स्मॉल लिपीत सलग टाइप करून एंटर दाबावे. लॅपटॉपला जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी येते. प्रत्येक ओळीत मध्ये कोलन असलेला एक क्रमांक असतो. कोलनच्या आधीचा भाग कंपनीचा आणि नंतरचा उपकरणाचा. हुआवेचा क्रमांक १२डी१, तर झेडटीईचा १९डी२ असा आहे.

यातला दुसरा भाग महत्त्वाचा. हुआवेचे ई१७३ हे एकेकाळी सर्रास दिसणारे ३जी डोंगल सीडीच्या रूपात १४४६, तर मोडेम झाल्यावर १४३६ असा क्रमांक दाखवते. डोंगल लावल्यानंतर लगेच आणि अर्ध्या मिनिटाने अशी दोनदा यादी पाहावी. क्रमांक बदलला असेल, तर दुसरा टप्पा पार झाला. तो तसाच असेल, तर अडचण इथेच आहे. यादीत डोंगलच नसेल, तर प्रश्न विजेचा, पोर्टचा किंवा खुद्द डोंगलचा आहे. अशा वेळी तेच डोंगल दुसऱ्या लॅपटॉपला लावून पाहणे उत्तम.

रूप बदलत नसेल तर?

आधी सर्वांत सोपा उपाय करावा. फाइल मॅनेजरमध्ये दिसणाऱ्या त्या सीडीवर राइट क्लिक करून ‘इजेक्ट’ निवडावे. अनेक डोंगलना सीडी बाहेर काढण्याचा आदेश म्हणजेच मोडेम होण्याचा आदेश असतो. काही सेकंदांत यादीतील क्रमांक बदलला, तर काम झाले.

कायमच्या उपायासाठी यूएसबी-मोडस्विच इन्स्टॉल करावे लागते आणि त्यासाठी इंटरनेट हवे. ही कोंडी अँड्रॉइड फोनने फुटते. फोन केबलने लॅपटॉपला जोडून सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू केले, की लिनक्सला तो तारेच्या नेटवर्कसारखा दिसतो. वेगळे ड्रायव्हर सहसा लागत नाही. तेवढ्या वेळात सॉफ्टवेअर मॅनेजरमधून यूएसबी-मोडस्विच, त्याचे डेटा पॅकेज आणि मोडेममॅनेजर ही तिन्ही पॅकेज घ्यावीत. मग लॅपटॉप रीस्टार्ट करून डोंगल पुन्हा लावावे.

‘मोबाइल ब्रॉडबँड’चा पर्यायच दिसत नाही, म्हणजे बिघाड का?

प्रत्येक वेळी नाही. अनेक ४जी डोंगल मोडेम म्हणून दिसतच नाहीत. त्यांच्या आत छोटा राउटर असतो आणि लॅपटॉपला ते नेटवर्क कार्ड वाटते. हुआवे या प्रकाराला ‘हायलिंक’ म्हणते. ई३३७२ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. सीडीच्या रूपात त्याचा क्रमांक १एफ०१ असतो, रूप बदलल्यावर १४डीसी होतो. अशा वेळी नेटवर्कच्या यादीत मोबाइल ब्रॉडबँडऐवजी ‘वायर्ड’ जोडणी दिसते. ती सुरू असल्याची खात्री करून ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ हा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाकावा. डोंगलचे स्वतःचे पान उघडते. सिमचा पिन, एपीएन, सिग्नल हे सगळे तिथेच असते. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये एपीएन शोधत बसण्याची गरज नाही.

सिम आणि एपीएनचे काय?

डोंगल साध्या मोडेमच्या रूपात असेल, तर पुढची माहिती मोडेममॅनेजर देतो. टर्मिनलमध्ये एम, एम, सी, एल, आय ही अक्षरे स्मॉल लिपीत लिहून एक जागा सोडावी, वजाचे चिन्ह द्यावे आणि लगेच कॅपिटल एल लिहावा. सापडलेल्या मोडेमची यादी येते आणि प्रत्येकाच्या ओळीच्या सुरुवातीच्या पत्त्याअखेरीस त्याचा अनुक्रमांक असतो. कॅपिटल एलच्या जागी स्मॉल एम, एक जागा सोडून तो अनुक्रमांक दिला, की त्या मोडेमची सविस्तर स्थिती दिसते.

या तपशिलात ‘स्टेट’ ही ओळ पाहावी. तिथे ‘लॉक्ड’ असेल, तर सिमला पिन आहे. पिन आठवत नसेल तर अंदाजाने टाकत बसू नये. तीन वेळा चुकल्यावर सिम पीयूके क्रमांक मागते आणि तोही दहा वेळा चुकला तर सिम कायमचे बाद होते. पीयूके मोबाइल कंपनीकडून मिळतो. ‘फेल्ड’ असेल आणि कारण सिम नसल्याचे दिले असेल, तर सिम काढून, पुसून पुन्हा बसवावे. नॅनो सिमसाठी वापरलेले प्लास्टिकचे अडॅप्टर सैल असणे हेही एक नेहमीचे कारण आहे. ‘सर्चिंग’ म्हणजे नेटवर्कचा शोध सुरू आहे आणि ‘रजिस्टर्ड’ म्हणजे नोंदणी झाली, आता फक्त डेटा सुरू करायचा आहे.

एपीएनची पाळी येते ती इथे. नेटवर्क सेटिंगमध्ये नवी मोबाइल ब्रॉडबँड जोडणी तयार करताना देश आणि कंपनी निवडली, की एपीएन आपोआप भरला जातो. यादी जुनी असेल तर तो तपासावा. जिओसाठी ‘जिओनेट’, एअरटेलसाठी ‘एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम’, बीएसएनएलसाठी ‘बीएसएनएलनेट’ असे एपीएन प्रचलित आहेत. ते इंग्रजी स्मॉल लिपीत, मध्ये जागा न सोडता लिहावेत. युजरनेम आणि पासवर्ड सहसा रिकामे ठेवायचे असतात.

मोबाइल कंपनीकडून घेतलेली काही डोंगल त्याच कंपनीच्या सिमला बांधलेली असतात. दुसऱ्या कंपनीचे सिम नाकारले जात असेल, तर हे कारण असू शकते. ‘अनलॉक’च्या नावाखाली उपकरणाचा आयएमईआय क्रमांक बदलून देणाऱ्यांपासून दूर राहावे. आयएमईआयमध्ये फेरफार हा भारतात गुन्हा आहे.

सगळे बरोबर असूनही नेटवर्क का मिळत नाही?

कारण ते नेटवर्कच उरलेले नसते. खासगी कंपन्यांना ३जीच्या लहरी २०१० च्या लिलावात मिळाल्या आणि त्यानंतरच्या काही वर्षांत डोंगलचा मोठा बाजार उभा राहिला. मात्र एअरटेलने २०१९ मध्ये कोलकात्यापासून ३जी बंद करायला सुरुवात केली. व्होडाफोन आयडियानेही ३जीच्या लहरी टप्प्याटप्प्याने ४जीकडे वळवल्या. जिओ ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झाली तीच ४जीवर. तिचे २जी किंवा ३जी जाळे कधी नव्हतेच.

याचा थेट अर्थ असा, की ३जी डोंगलमध्ये जिओचे सिम चालणारच नाही. एअरटेलचे सिम टाकले तर डोंगल २जीवर उतरते. मोडेममॅनेजरच्या तपशिलात ‘अॅक्सेस टेक’ या ओळीत ‘एज’ किंवा ‘जीपीआरएस’ दिसले, तर हेच घडले आहे. २जीचा वेग कागदोपत्रीसुद्धा फारच कमी असतो. त्यावर आजचे अर्जाचे संकेतस्थळ उघडता उघडता मुदत संपते. सीडीएमए प्रकारातील जुनी डोंगल तर पूर्णपणे बाद झाली आहेत, कारण देशातील ती जाळीच बंद झाली. इथे लिनक्स बदला, विंडोज टाका, ड्रायव्हर शोधा, काहीही केले तरी उपयोग नाही. डोंगल ३जी आहे हे त्याच्या मॉडेल क्रमांकावरून कळले, की तपासणी तिथेच थांबवलेली बरी.

‘जोडले’ असे दिसते, पण पान उघडत नाही?

आधी डेटा पॅकची मुदत तपासावी. मग टर्मिनलमध्ये ‘पिंग’ आदेशाने ८.८.८.८ या पत्त्याकडे विचारणा करावी. त्याला उत्तर येते, पण संकेतस्थळाचे नाव दिल्यावर येत नाही, असे असेल तर इंटरनेट सुरू आहे आणि अडचण डीएनएसची आहे. नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून तोच ८.८.८.८ पत्ता भरला, की सहसा काम होते.

जुन्या लॅपटॉपमध्ये आणखी एक कारण लपलेले असते. मदरबोर्डवरील छोटी बटण बॅटरी संपली, की लॅपटॉपची तारीख काही वर्षे मागे जाते. मग सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ब्राउझरला अवैध वाटतात आणि पान अडते. डोंगलला दोष देण्याआधी कोपऱ्यातील तारीख आणि वेळ पाहावी.

नवे डोंगल घ्यावे की फोनच वापरावा?

जवळ ४जी फोन असेल, तर तातडीच्या कामासाठी यूएसबी टेदरिंग हाच सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. यात फोन चार्जही होत राहतो. पण घरात एकच स्मार्टफोन असेल आणि तो दिवसभर घराबाहेर जात असेल, तर लॅपटॉपसाठी स्वतंत्र डोंगल घेण्यात अर्थ आहे. विकत घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. ते ४जी असावे, कोणत्याही कंपनीचे सिम घेणारे असावे आणि आपल्या कंपनीचे बँड त्यात असावेत. जिओ ४जीसाठी बँड ३, ५ आणि ४० वापरते. युरोपच्या बाजारासाठी बनवलेल्या काही डोंगलमध्ये बँड ४० नसतो. ती स्वस्तात मिळाली तरी इथे कमी पडतात. लिनक्ससाठी हायलिंक प्रकारचे, म्हणजे नेटवर्क कार्ड म्हणून दिसणारे डोंगल सर्वांत कमी कटकटीचे. घेण्याआधी दुकानात आपलाच लॅपटॉप आणि आपलेच सिम लावून एखादे पान उघडून पाहावे. अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या आठवड्यात हे केले, तर उत्तम.