पावसांतलें रोम

रोममध्यें आमच्या हातीं एकच दिवस, आणि त्या दिवशीं सकाळपासून पावसाची झोड! कोलोसियम छत्र्यांच्या गर्दींतून कसेंबसें पाहिलें. त्याविषयीं न लिहिणेंच बरें. पँथिऑन मात्र पावसांतच पाहावें, असें आमचें मत झालें आहे. सम्राट् हेड्रियनच्या कारकीर्दींत, इ. स. १२६ च्या सुमारास पुरें झालेलें हें देवालय ६०९ सालीं चर्च बनलें. बव्हंशीं त्यामुळेंच तें शाबूत राहिलें. घुमट लोखंडी सळईवांचून ओतलेल्या काँक्रीटचा. व्यास ४३ मीटर, आणि जमिनीपासून उंचीही तितकीच! माथ्यावर सुमारें ९ मीटर रुंदीचें उघडें वर्तुळ आहे. त्यांतून पाऊस आंत येत नाहीं, अशी लोकवदंता. वाचकहो, तो चांगला येतो! धारा थेट फरसबंदीवर उतरत होत्या; पण फरशीला किंचित् उतार आणि बारीक भोकें असल्यामुळें पाणी तुंबत नाहीं. इतर प्रवासी राफाएलच्या समाधीकडे वळले. व्हॅटिकनच्या संग्रहालयाची आगाऊ पैसे भरून राखलेली वेळ टळत चालली, सोबतची मंडळी कुरकुरूं लागली. पण आमचा पाय कांहीं तेथून निघेना.