गरुडेश्वरचा घाट आणि आपला कॅमेरा

बडोद्यातल्या बहुतेक मराठी घरांत गरुडेश्वरचा एखादा फोटो सापडतो. टेंबे स्वामी, म्हणजे वासुदेवानंद सरस्वती, 1914 साली तिथे समाधिस्थ झाले. दर्शन झाले की मंडळी घाटावर ओळीने उभी राहतात आणि फोटो निघतो. नर्मदामाई मात्र मागे नुसती पांढरी पट्टी!

असे का होते? दुपारी पाणी आकाशाचा उजेड परत फेकते, आणि कॅमेरा चेहऱ्यांसाठी उजेड जास्त घेतो. पहाटे ही अडचण नाही. घाट उत्तर तटावर आहे आणि हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवतो. ऊन पाण्यावरून तिरपे येते, पायऱ्यांच्या कडा उठून दिसतात. मोबाईलच्या पडद्यावर पाण्यावर बोट टेकवून उजेड थोडा उतरवला, तर धुक्याचे थरही दिसू लागतात. फिल्टर लावून आकाश जांभळे करणे मला तरी देवाला प्लास्टिकचा हार घालण्यासारखे वाटते.

फोटोत शांतता कुठून येते? पुष्कळदा ती वगळण्यातून येते. परिक्रमेत नर्मदा ओलांडत नाहीत. पैलतीर नुसता पाहायचा असतो. धुक्यात अर्धा पुसलेला तो काठ, अलीकडे एखादी रिकामी नाव, एवढे पुरते. (स्नान करणाऱ्यांचे फोटो मात्र काढू नयेत.)

आपल्या शहरात ही नजर नवी नाही. नारायण श्रीधर बेंद्रे 1950 ते 1966 इथल्या कलाशाखेत शिकवत होते; त्यांची निसर्गचित्रे प्रसिद्ध आहेत. त्यांचे विद्यार्थी ज्योती भट्ट 1960च्या दशकापासून कॅमेरा घेऊन खेड्यापाड्यांत हिंडले. त्यांनी टिपलेल्या कितीतरी भिंतींवरची चित्रे आज उरलेली नाहीत, फोटो उरले.

नदीचेही तसेच आहे. वरच्या अंगाला 138.68 मीटर उंचीचे सरदार सरोवर झाले, त्याच्या खाली सुमारे 12 किलोमीटरवर गरुडेश्वरचा बंधारा झाला. पाणी किती असेल, हे आता पावसाइतकेच धरणाच्या दरवाजांवर ठरते. आजी-आजोबांच्या अल्बममध्ये त्याआधीची नदी आहे, तिची वाळू आणि तिचे खडक. त्या फोटोंतली माणसे ओळखणारे कुणी घरात असेल, तर आजच त्यांच्याजवळ बसा आणि प्रत्येक फोटोमागे पेन्सिलने जागा, महिना आणि साल लिहून घ्या.