बसणारा ट्रक, उठणारा ट्रक
हिंगोलीच्या बाजारात हळदीची पोती लादलेला ट्रक पाहिला, की माझी नजर आधी त्याच्या पाट्यांवर जाते. पोलादी पाटे ओझ्याने दबतात. म्हणून आसावर मोकळी जागा लागतेच. अमेरिकेतले शौकीन मात्र ट्रक मुद्दाम ठेंगणा करतात. कोणी पाटे बदलून तो कायमचा खाली आणतो. कोणी रबरी हवापिशव्या बसवतो. हवा सोडली, की गाडी बैलासारखी बसते. भरली, की उठते. पहिली तऱ्हा स्वस्त; पण खड्ड्यात आस सांगाड्यावर आदळायचा. दुसरी खड्डा पाहून उठेल. पण पिशवी फाटली तर भररस्त्यात बसकण! शिवाय कारखान्याने ठरविलेल्या रचनेत परस्पर फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मनाई करते. सांगलीपर्यंत हळद सुखरूप न्यायची, तर आपले पाटेच बरे!