पानफुटीची छाटणी

आई गेल्यावर तिच्या पानफुटीला मी दोन वर्षं कात्री लावली नाही. उजेड कमी पडून खिडकीतलं ते झाड काठीसारखं वाढलं, खालून उघडं पडलं आणि अखेर स्वतःच्याच भारानं कलंडलं. तेव्हा कुठे मी वाचायला बसले.

पानफुटी मूळची मादागास्करची. कंपनी सरकारच्या नोकरीतले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइने यांनी भारतात तिची पानं चाखली, तर ती सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागली. हे निरीक्षण १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीनं छापलं. कारण पुढे उलगडलं: पानफुटी रात्री पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेते, तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा वापरते. उन्हात रंध्रं मिटलेली राहिल्यानं पाणी वाचतं.

छाटणाऱ्याच्या कामाची गोष्ट मात्र पानाच्या कडेला आहे. तिथल्या खाचांमध्ये सुप्त अंकुर असतात. पान झाडावर असेतो ते बहुधा निजून राहतात, पान खुडलं की जागे होतात.

मी खोड मातीपासून वीतभरावर, पेराच्या जरा वर कापलं. शेंडा तीन दिवस सावलीत सुकवून मग लावला, कारण ओला काप मातीत कुजतो. पानं ओलसर, भुसभुशीत मातीवर नुसती टेकवली. पंधरवड्यात खाचांतून मुळं आणि इवली पानं डोकावली. बुंध्यालाही बगलफूट आली.

यंदा भाऊबीजेला भावाच्या घरी एक कुंडी जाईल.