शहर का पेटतं? : 'रोम टोटल वॉर'चं गणित

हॉस्टेलवर 'रोम: टोटल वॉर' खेळणारा प्रत्येक जण लढाईत उस्ताद असतो. डोंगरावरून घोडदळ कुठे घालायचं, हत्तींसमोर भाले कसे लावायचे, सगळं तोंडपाठ. पण पंचवीस-तीस शहरं ताब्यात आली की गाडी अडते. पुढे एक गाव घ्यावं तर मागे दोन पेटतात. मग 'गेम चीटिंग करतो' असा निष्कर्ष निघतो आणि पठ्ठ्या काउंटर स्ट्राइककडे वळतो. गेम 2004 चा, 2021 मध्ये त्याची नवी सजवलेली आवृत्तीही आली, पण ही तक्रार काही जात नाही.

गेम चीटिंग करत नाही. सगळा हिशोब शहराच्या तपशिलात मांडलेला असतो, आपण तो बघत नाही इतकंच. पब्लिक ऑर्डर 70 टक्क्यांच्या खाली गेली की दंगल होते. माणसं मरतात, इमारती मोडतात, आणि तरी लक्ष दिलं नाही तर लोक शिबंदीला हाकलून शहर ताब्यात घेतात. जमेच्या बाजूला शिबंदी, देवळं, आरोग्य, गव्हर्नरचं वजन, आखाड्यातले खेळ, कमी कर. खर्चाच्या बाजूला बकालपणा, राजधानीपासूनचं अंतर आणि परकी संस्कृती.

यातला खरा व्हिलन बकालपणा. लोकसंख्या वाढली की तो वाढतो, आणि तो वाढला की लोकसंख्येची वाढ मंदावते. कंट्रोल सिस्टिम्स शिकलेल्यांनी ओळखलं असेल, हा सरळसरळ निगेटिव्ह फीडबॅक आहे. शहर कुठेतरी स्टेडी स्टेटला येतंच. घोटाळा असा की या लूपला पब्लिक ऑर्डरशी काही देणंघेणं नाही. वाढ शून्यावर येईपर्यंत ऑर्डर 70 च्या खाली गेली असेल तर ती गेली! म्हणून शेती सुधारत बसणं हा स्वतःच्या पायावर धोंडा. शेतीने वाढीचा दर कायमचा वर जातो, म्हणजे तो खाली ओढायला तितकाच जास्त बकालपणा साचावा लागतो. कर कमी केला तर लोक आज खूश होतात, पण वाढही जोरात होते आणि वीस टर्नांनी तेच दुखणं मोठं होऊन समोर येतं. कर चढा ठेवला की वाढ आपोआप आवरते, फक्त आजची ऑर्डर तेवढं सोसणारी हवी.

शिबंदीचं गणित तर फारच गमतीचं. गेम फक्त डोकी मोजतो, दर्जा नाही. साधे पेझंट्स आणि महागडे प्रिटोरियन, दंगल आवरायला माणशी सारखेच. हिशोब सैनिक भागिले लोकसंख्या असा असल्यामुळे शहर दुप्पट झालं की तीच शिबंदी निम्म्या कामाची उरते. शिवाय या खात्यातून 80 टक्क्यांच्या वर काही मिळत नाही, त्यामुळे सैन्य कोंबत बसणंही व्यर्थ.

अंतराचा उपाय फुकट आहे, तरी निम्म्या लोकांना माहीत नसतो. राजधानी हलवता येते! ब्रुटाय घेतलेत आणि ग्रीस ओलांडून आशिया मायनरपर्यंत पोचलात, तर टॅरेंटममध्ये राजधानी ठेवून काय उपयोग? कोरिंथला न्या. संस्कृतीचा दंड कमी करायला जिंकलेल्या शहरातली मुख्य सरकारी इमारत पुढच्या पायरीवर न्यायची, म्हणजे ती रोमन होते. पण ती आधीच शेवटच्या पायरीवर असेल तर वाढवणार काय? मोठी, जुनी शहरं जिंकल्यावर कायमची डोकेदुखी होतात ती यामुळे.

आता नाजूक मुद्दा. शहर जिंकल्यावर गेम तीन पर्याय देतो: नुसता ताबा, निम्म्यांना गुलाम करणं, नाहीतर कत्तल. कत्तलीत तीन चतुर्थांश माणसं जातात, लूट मिळते आणि बकालपणा एका फटक्यात खाली येतो. गणिताने पाहिलं तर मोठ्या शहरासाठी हाच पर्याय सगळ्यात 'कार्यक्षम'. काही महाभाग तर मुद्दाम बंड होऊ देतात, पुन्हा जिंकतात आणि पुन्हा कत्तल करतात. खऱ्या रोमने इ. स. पू. 146 मध्ये कार्थेज उद्ध्वस्त केलं हे खरंच, पण स्वतःच्या शहरातली गर्दी आवरायला त्याच रोमने इ. स. पू. 123 पासून स्वस्त धान्य वाटलं आणि इ. स. पू. 58 पासून फुकट. गेममध्ये आखाडा आहे, रथांच्या शर्यती आहेत, धान्यवाटपाचं बटण मात्र नाही. माझ्या मते ही डिझाइनची उणीव आहे: कत्तल सोपी ठरते कारण दुसरं काही ठेवलेलंच नाही.

तरी एक वाट आहे, वेळखाऊ पण चालणारी. गच्च भरलेल्या शहरात पेझंट्स भरती करा. भरती झालेली माणसं लोकसंख्येतून वजा होतात. त्यांना चालवत एखाद्या ओस गावात न्या आणि तिथे तुकडी मोडा. ती माणसं त्या गावची होतात. मोठं शहर हलकं होतं, आणि जे गाव 2000 ची पायरी गाठत नव्हतं ते गाठतं. दर टर्नला एक तुकडी, एवढं धोरण ठेवलं तरी पुरतं. फक्त वाटेत लुटारू असतात, तेव्हा सोबत थोडं घोडदळ द्या.